बकुळाकाकूंची तिथी

कडी वाजली.

भर दुपारचे दोन. बाहेर लू अशी सुटली होती की झाशीच्या सीपरी बाजारातले दुकानदारसुद्धा तरटाचे पडदे सोडून आत आडवे झाले होते. वरच्या दोन खोल्यांत माठाभोवतीच्या ओल्या फडक्याखेरीज गार असं काही नव्हतं. अनुसूयेच्या मांडीवर डोकं टाकून इंदू झोपली होती आणि पोरीच्या कपाळावरचा घाम ती पदराने टिपत बसली होती. कडी वाजली तसा तिचा हात थांबला.

आलं कुणीतरी.

तिने इंदूचं डोकं अलगद उचलून उशीवर ठेवलं, केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला. देवघराच्या फळीवरची लाल खारव्याच्या कापडात बांधलेली वही तिथंच आहे ना, हे जाता जाता पाहून घेतलं. मग सावकाश, घाई नाही असं दाखवत, तिने दार उघडलं.

जिन्यात कुणी नव्हतं. गरम वारा तेवढा तोंडावर आला. कडी आपली झुलत होती. लूच होती.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी अनुसूयेला चार बांगड्या, एक पितळी डबा आणि ही वही दिली. बांगड्या कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. वहीची बातमी मात्र तेराव्याच्या आत झाशीतल्या सगळ्या मराठी घरांत पोचली. घरं असतील साठ-पासष्ट. काही पेशवाईत इथं आलेल्यांची, बाकीची रेल्वेतली. प्रत्येक घरातल्या गेलेल्या माणसाची तिथी, कुणाकडे नवरात्र कसं बसतं, कुणाच्या कुळात कोणती भाजी चालत नाही, कुणाची मुलगी सागरला दिली आणि कुणाची ग्वाल्हेरला, सगळं त्या वहीत होतं. अडलं की माणूस या जिन्याची वाट धरायचा. "अनुसूये, आमच्या अण्णांचं कधी येतं गं यंदा?" अनुसूयेला उत्तर तोंडपाठ असे. पण ती आधी हात धुवायची, वही काढायची, पान शोधायची, बोट ठेवायची आणि मगच सांगायची. विचारणारा तोवर पाटावर बसून गुळपाणी घेत असे. चार गोष्टी निघत. कुणी इंदूच्या हातावर पेढा ठेवून जाई. भाड्याच्या दोन खोल्यांतली, बावीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण नारायणराव वकिलांसारखा माणूस तिच्यासमोर मान खाली घालून "बरं बाई" म्हणून जायचा.

गुढीपाडव्यापासून जिना वाजला नव्हता.

"तुझीच पीडा टळली," तिचे यजमान दत्तात्रेय म्हणाले होते. ते रेल्वेच्या ऑफिसात कारकून. "आता पोळ्या लाटताना कुणी येऊन बसायचं नाही."

"टळली तर. तुमच्या टेबलावरची एक फाईल दुसऱ्याने उचलली की तुम्ही तीन दिवस जेवत नाही, ते कोण?"

"अगं, ती सरकारी फाईल!"

"मग माझी काय रद्दी आहे?"

हे सगळं झालं ते प्रमोदिनीमुळे.

प्रमोदिनी पुण्याची. नवरा रेल्वेत इंजिनियर, बदलीवर आलेला, बंगला सिव्हिल लाइन्समध्ये. बी.ए. झालेली, गोरी, चष्म्यावरून बघणारी, आणि वर बोलायला गोड. तिचा राग करायचा म्हटलं तर धरायला कुठं जागाच सापडायची नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती या दोन खोल्यांत आली, इंदूला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "किती गोड बोलता हो तुम्ही इथले लोक! थोडं हिंदी, थोडं आजीच्या वेळचं." अनुसूयेने हसून तिळगूळ पुढे केला. मनात म्हटलं, आम्ही काय बोलतो ते ऐकायला तिकीट लावायला हवं आता.

मग प्रमोदिनीने विचारलं, "अनुसूयाताई, तुमच्याकडे ती वही आहे म्हणे. आठ दिवस द्याल? मी सगळं नीट उतरवून घेते. महिला मंडळातर्फे यादी छापू, घरोघर एकेक प्रत. कुणाला धावपळ नको. आणि देव न करो, वहीला वाळवी लागली, पाणी लागलं, तर?"

बोलणं शंभर टक्के खरं होतं.

"सासूबाईंची ताकीद आहे," ती म्हणाली, "वही घराबाहेर द्यायची नाही."

"मग मी इथं बसून उतरवते की! रोज दुपारी येईन."

"दुपारी पोरगी झोपते."

सासूबाईंनी तशी ताकीद कधीच दिली नव्हती. उलट त्या कुणालाही पान उघडून दाखवायच्या. पण शब्द तोंडातून गेला आणि प्रमोदिनीने तो खरा मानला. रागावली नाही, रुसली नाही. माघ-फाल्गुनात ती रिक्षाने घरोघर हिंडली, प्रत्येकाकडून विचारून, जुन्या चिठ्ठ्या-पत्रं पाहून लिहून घेतलं, आणि पाडव्याला सायक्लोस्टाईल केलेली सहा पानी यादी घेऊन स्वतः जिना चढून आली. कागदाला शाईचा वास येत होता. शेवटच्या पानावर आभार मानले होते, आणि त्यात पहिलं नाव अनुसूयेचं.

"मी तर काहीच केलं नाही," अनुसूया म्हणाली.

"असं कसं? कल्पना तुमच्या वहीचीच ना. बघा हं नीट एकदा. काही चुकलं असेल तर सांगा. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

अनुसूया ओळीवरून ओळ उतरत गेली. तिला चूक हवी होती. ताप चढलेल्या पोराची आई थर्मामीटरकडे बघते तसं ती बघत होती. फक्त तिला पारा खाली नको होता, वर हवा होता. चौथ्या पानावर तो चढला.

*कै. बकुळाबाई केशवराव. ज्येष्ठ वद्य पंचमी.*

चूक काय झाली असेल ते तिला त्या क्षणी कळलं. इथं राहणाऱ्या मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात दोन पंचांगं असतात. एक पुण्या-मुंबईहून टपालाने आलेलं, एक इथलं हिंदी. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. चांदण्याच्या पंधरवड्यात दोघांचं नाव एकच. अंधारा पंधरवडा लागला की इथले लोक पुढच्या महिन्यात जाऊन बसतात, आपण मागच्यातच असतो. आपला वैशाख वद्य तो यांचा जेठ बदी. झाशीत वाढलेल्या पोरालाही हे बोटं न मोजता येतं. पुण्याहून आलेल्या बी.ए. बाईला कसं माहीत असणार?

बकुळाकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा आपले भटजी गावाला होते, म्हणून शेजारच्या पंडितजींनी क्रिया केली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, *जेठ बदी ५*. सासूबाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि वहीत नोंद केली: *वैशाख वद्य पंचमी, बकुळा.* त्यांच्या हातची ती शेवटची नोंद. दोन्ही वर्षं अनुसूया चार दिवस आधी इंदूला घेऊन केशवराव काकांकडे जाऊन सांगून यायची. काकांना स्वतःला लक्षात ठेवावं लागलंच नव्हतं. प्रमोदिनीने विचारलं तेव्हा त्यांनी पेटीतली चिठ्ठी काढून दिली असणार. तिने 'जेठ'चं 'ज्येष्ठ' केलं, 'बदी'चं 'वद्य' केलं, आणि काकूंचा दिवस एक महिना पुढे गेला.

"कुठं चुकलंय का?" प्रमोदिनीने विचारलं.

यादीचा कागद अनुसूयेच्या हातात होता. बोट त्याच ओळीवर होतं.

"नाही," ती म्हणाली. "छान झालंय."

तेव्हा वाटलं होतं, अजून दीड महिना आहे. कुणीतरी विचारेल. निदान काका तरी विचारतील. आणि विचारतील तेव्हा ती हात धुवून वही काढील, पान उघडील, बोट ठेवील. मग साऱ्या झाशीला कळेल, छापलेलं ते सगळं खरं नसतं.

काकांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. वैशाखातली पौर्णिमा झाली. प्रतिपदा, द्वितीया. तृतीयेला सकाळी चहा गाळताना तिने विषय काढला.

"अहो, त्या यादीत एक चूक आहे. बकुळाकाकूंची."

"मग सांग की जाऊन."

"त्यांनी विचारायला नको?"

दत्तात्रेयांनी बशीतून वर पाहिलं. "विचारलं तरच सांगायचं? हे काय, स्टेशनातली चौकशीची खिडकी आहे का तू?"

तिने गाळण्यातला चोथा मोरीत झटकला. पण खिडकी ती होतीच. आणि खिडकीसमोरची रांग दुसरीकडे गेली, की आत बसलेल्याला काय वाटतं, ते रेल्वेतल्या माणसाने तरी ओळखायला हवं होतं.

बकुळाकाकू कुणी परक्या नव्हत्या. इंदूच्या वेळी अनुसूयेला कळा सुटल्या तेव्हा सासूबाई तापाने पडून होत्या; रात्रभर पाठ चोळली ती काकूंनी. गुळांबा कसा करायचा, कैरी किती शिजली की गूळ घालायचा, हे त्यांनीच शिकवलं. इंदू त्यांना 'ताकू' म्हणायची. ताप आला की पोर ताकूकडेच जायचं म्हणून रडायची. पंचमीच्या सकाळी फळीवरची गुळांब्याची बरणी अनुसूयेच्या हाताला लागली आणि तिच्या मनातलं सगळं एकदम खाली बसलं. छे, हे काय करतोय आपण? तिने इंदूच्या पायात चपला सरकवल्या.

"चल गं. काकांकडे जायचंय."

काकांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बाजार गए हैं बाबूजी, दूध-दही लेने।" साडेनऊ वाजले होते. श्राद्धाची वेळ दुपारची. भटजी दोन गल्ल्या पलीकडे. काहीच नाही जमलं तरी तीळ-तांदूळ आणि हातावर पाणी, एवढं तर झालंच असतं. ती पोरीला जवळजवळ ओढत बाजारात गेली.

काका हलवायाच्या बाकावर बसले होते. नुकतीच दाढी झालेली, गाल तुळतुळीत. हातात पानाच्या दोन्यात कचौरी. त्यांचा उजवा कान कमी ऐकायचा. रेल्वेत गार्ड असताना सगळा जन्म इंजिनाच्या शिट्ट्या ऐकल्या. आज काकूंचा दिवस, आणि हा माणूस दाढी करून बाजारचं खात बसलाय. अनुसूयेला भडभडून आलं.

"अरे, कोण आलं! इंदूबाई! भैया, दो जलेबी देना गरम वाली, हमारी पोती आई है।"

"काका," अनुसूया त्यांच्या डाव्या बाजूला गेली. "काका, मी तुम्हालाच शोधत होते. काकूंच्या—"

"हां हां, काकूंच्या तिथीचं ना? आता तू चिंता करू नकोस गं!" त्यांनी कचौरीचा हात धोतराला पुसला आणि खिशातून यादी काढली. घडी घालघालून मऊ झालेला कागद. त्यावर लाल पेन्सिलीची खूण. "हे बघ. ज्येष्ठ वद्य पंचमी. एक महिना आहे अजून. त्या बाईंनी काय काम केलंय! एवढी शिकलेली, मोठ्या घरची, आणि माझ्यासारख्या बहिऱ्याजवळ तासभर बसली. तिला सगळं सांगितलं मी बकुळेचं. कशी गेली, काय म्हणाली. रडली गं ती पोर. असं अजून कुणी विचारलंच नव्हतं मला."

इंदू जिलेबी चाटत होती.

"आता कुणाच्या दारी विचारत फिरायला नको," काका समाधानाने म्हणाले. "तुलाही किती त्रास दिला गं आजवर."

त्रास. दोन वर्षं ती पोरीला काखेत घेऊन उन्हातून यांच्या दारी सांगायला येत होती. त्याचं नाव त्रास. आणि जी तासभर बसून डोळे पुसून गेली, तिच्या येण्याचं नाव काम. अनुसूयेला बकुळाकाकूंचं काय झालं होतं ते विचारावं लागलं नव्हतं, ती तिथं होती.

"काय म्हणत होतीस?" काकांनी डावा कान पुढे केला.

"काही नाही काका. सहज." मग तिच्या तोंडून निघालं, "नीट ठेवा हं ती यादी. हरवू नका."

परत येताना इंदू दर चार पावलांनी थांबून बोटं चाटत होती. दर वेळी अनुसूया मागे वळून पाहायची. काका अजून बाकावर असतील. अजून दहाच वाजलेत. अजून साडेदहा. घरी पोचून तिने भात टाकला. मग पानावर दहीभात, कडेला गुळांबा वाढून ती पान घेऊन गच्चीवर गेली.

"हे कुणाचं?" इंदूने विचारलं.

"ताकूचं. आज तिचा दिवस. आज ती येते आणि जेवून जाते."

"दिखती नहीं?"

"दिसत नाही. मराठीत विचार."

उन्हात एक कावळा फिरकला नाही. मुंग्या आल्या. चारच्या सुमारास पान वाळून कुरकुरीत झालं होतं.

पुढचा महिना कसा गेला तिचं तिला माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज जाऊन सांगू. आणि रोज तेच आडवं यायचं, मग काल का नाही सांगितलं? परवा का नाही? पंचमीच्या आदल्या दिवशीपर्यंत ती चूक प्रमोदिनीची होती. आता ती कुणाची होती, हे वहीतही लिहिलेलं नव्हतं. दुपारी इंदूला मराठी वाचायला शिकवायला ती तीच वही घ्यायची. पोर बोट ठेवून अक्षरं जुळवायची, "ना-रा-य-ण..." त्या एका पानाशी आली की अनुसूया दोन पानं एकदम उलटायची.

ज्येष्ठ वद्य पंचमीला काकांनी सगळ्यांना बोलावलं. अनुसूयेला निरोप होता, वडे तुझ्याच हातचे हवेत. ती गेली. स्वयंपाकघरात प्रमोदिनी सोवळ्याने आमसुलाची चटणी वाटत होती, चष्मा घामाने नाकावर घसरलेला.

"या, अनुसूयाताई! तुमच्यावाचून अडलंय सगळं. खिरीत तांदूळ किती घ्यायचे हो? माझ्या सासरी श्राद्धाचं काही नव्हतं, मला तर कळतच नाही."

अनुसूयेने मूठ भरून दाखवली. प्रमोदिनीने स्वतःची गोरी मूठ तिच्या मुठीशेजारी धरून मोजली आणि हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. माझ्याकडे नुसता कागद आहे. तुमच्याकडे लोक मन मोकळं करायला यायचे. माझ्याकडे आता कोणीच येत नाही, यादी मिळाल्यापासून."

अनुसूयेने तेलात वडा सोडला. तेल तडतडलं.

बाहेर भटजींनी संकल्प सांगितला, काकांनी त्यांच्यामागून म्हटला. भटजी तरी काय करणार? यजमान सांगेल ती तिथी. काका नवं धोतर नेसले होते, चार दिवसांची पांढरी दाढी वाढवून. दर शब्दाला ते डावा कान पुढे करत आणि एखाद्या मुलाने परीक्षेत म्हणावं तसं जपून म्हणत. एकही शब्द चुकू नये, अशी त्यांची धडपड.

सगळं झाल्यावर कावळ्याचं पान मागच्या अंगणात कडुनिंबाखाली ठेवलं. सगळे दारात उभे राहिले. काकांनी हात जोडले. अनुसूयेला एकच वाटत होतं, येऊ नये. कावळा येऊ नये. म्हणजे निदान कुणीतरी म्हणेल, काहीतरी राहिलंय, काहीतरी चुकलंय, विचारा अनुसूयेला. आणि मग ती सांगेल. आज विचारलं तर सगळं सांगेल.

पण पान जमिनीला टेकतं न टेकतं तोच कडुनिंबावरून एक कावळा खाली आला, मान तिरकी केली आणि वडाच उचलला. कावळेसुद्धा आता छापील यादीप्रमाणे चालू लागले होते.

"आली," काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "बघा, लगेच आली. वाट बघायला लावली नाही. कधीच लावली नाही तिने." त्यांनी प्रमोदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. प्रमोदिनीने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने अनुसूयेचा हात घट्ट धरला.

इंदू आईच्या पदराला धरून कावळ्याकडे बघत होती. कपाळाला आठी. काही हिशेब जुळत नसला की तिला अशी आठी पडायची.

"आई, ही ताकू?"

"हूं. हळू बोल."

"पण ताकूचा दिवस तर तेव्हा झाला. आपण गच्चीवर वाढलं, दहीभात." ती अजिबात हळू बोलत नव्हती. "जिस दिन काकाने जलेबी दिलाई थी."

प्रमोदिनीचा हात अनुसूयेच्या हातावर होता तसाच राहिला, फक्त त्यातली पकड गेली.

"काय म्हणते इंदूबाई?" काकांनी हसत वाकून डावा कान पोरीपुढे आणला.

इंदूने काकांकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मराठीत विचार म्हणून सांगितलं होतं ते तिला आठवलं असावं, कारण एकेक शब्द जुळवत तिने विचारलं,

"आई, त्या दिवशी ताकू आधी काकांच्या घरी आली असेल ना गं? दाराला तर कुलूप होतं. मग ती किती वेळ बाहेर उभी राहिली?"